‘हो’ म्हणण्याआधी शरीर काय म्हणतं: किशोरांसाठी एकपात्री नृत्यनाट्य कसं बसवावं

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्या बोलण्यात इतकं रुळलंय की ते खरं आहे का, हे कुणी तपासत नाही. किशोरवयीन मुलांसाठी संमतीवर प्रयोग करायचा तर पहिली गाठ या वचनाशीच पडते. तोंड गप्प असतं तेव्हाही शरीर बोलत असतं. खांदे कानांकडे चढतात, श्वास छातीतच अडतो, पावलं दाराकडे वळतात आणि चेहरा मात्र हसत असतो. व्याख्यानात हे सांगावं लागतं, नृत्यात ते दिसतं. म्हणून या विषयाला नृत्यनाट्य शोभतं. त्यातही रंगमंचावर एकटाच कलाकार असेल तर प्रेक्षकांची नजर पळून जायला दुसरी जागाच उरत नाही.

पुढची पद्धत साधारण ४५ मिनिटांच्या प्रयोगासाठी आहे. कलाकार सज्ञान आहे आणि प्रेक्षक १२ ते १७ वयाचे आहेत, असं धरलं आहे. किशोरवयीन मुलालाच या भूमिकेत एकटं उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विषयाचं ओझं त्याच्या अंगावर येतं आणि प्रयोगानंतर त्याला त्याच वर्गात जाऊन बसायचं असतं.

आधी एक वाक्य

संहितेला हात घालण्याआधी प्रयोग कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा आणि तालमीच्या खोलीत भिंतीला चिकटवा. ‘संमतीबद्दल’ एवढं लिहून भागणार नाही, तो नुसता मथळा झाला. आम्ही बसवलेल्या प्रयोगाचं वाक्य असं होतं: ‘ग्रुपमध्ये राहण्यासाठी ती इतक्या वेळा खोटं हो म्हणते, की खरं नको म्हणायची वेळ येते तेव्हा शरीराला ते सापडतच नाही.’

या वाक्यापर्यंत यायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्याआधी आम्ही पूर्वार्धात मैत्री आणि कंपूबाजी, उत्तरार्धात संमती अशी फाळणी केली होती, आणि दोन वेगवेगळी नाटकं टाचून जोडल्यासारखी दिसत होती. खरं तर विषय एकच आहे. न आवडणारं टोपणनाव चालवून घेणं, विनोद झोंबला तरी हसणं, ‘चल ना, सगळे येतायत’ म्हटल्यावर निघणं हे सगळे छोटे होकार असतात. ते देताना आपण काही दिलं, हेही मुलांच्या लक्षात येत नाही.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५१ सालचे प्रयोग इथे उपयोगी पडतात. रेषांची लांबी ओळखायची होती, उत्तर डोळ्यांसमोर होतं. तरी बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देऊ लागले तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी गटाच्या चुकीला मान डोलावली. पण गटातला एक जण जरी बरोबर उत्तर देणारा असला, तर ही मान डोलावणी एकदम कमी झाली. हा तपशील मला नाट्यदृष्ट्या सोन्यासारखा वाटतो. प्रयोगात कुठेतरी तो ‘एक जण’ हवा, मग तो नुसता आवाज असो वा कोपऱ्यातला एक दिवा.

वयोगटही आत्ताच ठरवा. १२ ते १४ च्या मुलांसाठी गुदगुल्या, ओढाताण, फोन हिसकावणं, जबरदस्तीची मिठी, गुपित फोडणं एवढ्यातही संमती पूर्ण मांडता येते. १५ च्या पुढे प्रेमसंबंधातला दबाव आणता येतो. एक गोष्ट कुठल्याही वयोगटासाठी ढिली सोडू नका: लैंगिक संबंधांच्या बाबतीत कायदा वयाची अट घालतो आणि त्या वयाखालचा होकार कायद्याच्या लेखी होकारच नसतो. आपल्या प्रयोगातून ‘तिने हो म्हटलं होतं, मग मोठ्या माणसाचं काय चुकलं’ असा अर्थ चुकूनही निघता कामा नये.

मुलांकडून ऐका, पण जखमा मागू नका

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाऊश नर्तकांना स्टेप शिकवण्याऐवजी प्रश्न विचारत असे आणि त्यांच्या उत्तरांतून हालचाल उभी करत असे. १९७८ मध्ये बसवलेलं स्पर्श आणि जवळीक या विषयावरचं तिचं एक नृत्यनाट्य तीस वर्षांनी, २००८ मध्ये, नृत्याचं शिक्षण नसलेल्या किशोरवयीन मुलामुलींनीही सादर केलं. प्रश्न विचारायची तिची ही पद्धत आपण बेलाशक उचलावी.

८ ते १२ मुलांचा एक गट, दीड तास, आणि खोलीत मुलांच्या विश्वासातला एक समुपदेशक किंवा शिक्षक. प्रश्न असे ठेवा की उत्तर अंगाने देता येईल. हसायचं नव्हतं तरी हसलात, ते हसू कसं होतं? ग्रुप फोटोत तुम्ही कुठे उभे राहता? निघायचंय पण निघता येत नाही, तेव्हा हात कुठे असतात? ‘नको’ हा शब्द न वापरता नको कसं सांगता? या शेवटच्या प्रश्नाने आम्हाला अर्धा प्रयोग दिला. ‘आई ओरडेल’, ‘पोट दुखतंय’, ‘बॅटरी संपत आलीय’, ‘बघू नंतर’... मुलांकडे नकाराला घालायचे इतके मुखवटे असतात!

‘तुमच्यावर कधी असा प्रसंग आला का?’ हा प्रश्न विचारू नका. कुणी आपणहून सांगू लागलं तर ऐका, पण ती गोष्ट रंगमंचाचा माल नाही. रेकॉर्डिंग करू नका. एखाद्या मुलाची लकब किंवा वाक्य वापरायचं असेल तर त्याला आधी दाखवा, विचारा, आणि प्रयोग बसल्यावर पुन्हा विचारा. एका मुलीने दुसऱ्या वेळी ‘माझं काढा’ म्हटलं. तो तुकडा फार सुंदर बसला होता. आम्ही काढला. मनातून हळहळलो, हेही कबूल करायला हरकत नाही.

शरीरकोश तयार करा

इथे घाई केली तर पुढचं सगळं पोकळ होतं, म्हणून तालमीचा निम्मा वेळ याला द्या. कलाकाराकडे किमान वीस-पंचवीस स्वच्छ, पुन्हा पुन्हा करता येतील अशा हालचाली जमल्या पाहिजेत. पुढचा प्रयोग याच ‘अक्षरांनी’ लिहायचा असतो.

सुरुवात अर्धा ठोका उशिराच्या सरावाने करा. साधं आठ मात्रांचं समूहनृत्य बसवा आणि कलाकाराला ते अदृश्य ग्रुपच्या अर्धा ठोका मागून करायला लावा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाजूला बघत. दोनच मिनिटांत प्रेक्षकाला कळतं की ही व्यक्ती नाचत नाहीये, नक्कल करतेय. ग्रुपमध्ये मिसळण्याची धडपड दाखवायला मला याहून नेमकी युक्ती सापडलेली नाही.

मग नकाराची वही. कलाकाराने आठवडाभर स्वतःवर पाळत ठेवायची आणि मनात नको आलं की शरीरात कुठे काय झालं ते टिपायचं. पोट आत ओढलं गेलं, जीभ टाळूला लागली, बॅग मांडीवर घेतली. या नोंदींतून सात-आठ हालचाली निवडा आणि आधी मोठ्या करून, मग हळूहळू लहान करत खऱ्या आकाराला आणा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील इतक्या मोठ्या आणि खोट्या वाटणार नाहीत इतक्या लहान, हा तोल साधायला वेळ लागतो.

होकाराचेही दोन प्रकार हवेत, मनापासूनचा आणि ओढूनताणून दिलेला. नृत्य आणि हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबानने हालचालीचे भार, वेळ, अवकाश आणि प्रवाह असे चार घटक सांगितले आहेत, त्यांचा इथे थेट उपयोग होतो. मित्राने हात पुढे केला आणि आपण तो घेतला, ही एकच कृती घ्या. एकदा ती मोकळ्या प्रवाहात आणि थेट दिशेने करा. दुसऱ्यांदा बांधलेल्या प्रवाहात, किंचित वळसा घेऊन, भार मागच्या पायावर ठेवून करा. कृती तीच राहते, अर्थ पार उलटतो. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांना हा फरक वाचायला शिकवलंत तर पुढे एकही शब्द न बोलता त्यांना सगळं समजतं.

अंतराचं काम खडू घेऊन करा. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात माणसांमधल्या अंतराची मापं मांडली: साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत अगदी निकटचं, त्यापुढे सव्वा मीटरच्या आसपास ओळखीच्यांचं. ही मापं समाजागणिक बदलतात, त्यामुळे त्यांना नियम समजू नका. पण जमिनीवर तशी दोन वर्तुळं आखून कोण त्यांत कधी शिरतं याचा सराव केला, की कलाकाराच्या पाठीलाही कुणीतरी जवळ आल्याचं कळू लागतं.

चेंडूचा खेळ तर घ्याच. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्याकडे आली. त्यांनी ती परत फेकली, थोडा वेळ तिघं खेळले, आणि मग त्या दोघांनी काही न बोलता त्यांच्याकडे फेकणं बंद केलं. त्या चुटपुटीतून वगळलं जाण्याच्या दुःखावरचं त्यांचं पुढचं संशोधन निघालं. रंगमंचावर चेंडू नको, नुसते डोळे पुरतात. कलाकाराची नजर डावीकडून उजवीकडे जाते, स्वतःकडे येते, फेकते, पुन्हा जाते. मग येतच नाही. हात मात्र झेलायला पुढेच राहतात. आमच्या प्रयोगात इथे सभागृह हमखास शांत व्हायचं.

शेवटी गोठणं. भीतीत माणूस लढतो किंवा पळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण अनेकदा शरीर नुसतं थिजतं आणि ते माणसाच्या हातात नसतं. हा भित्रेपणा दिसता कामा नये. थिजलेपणा म्हणजे सैलपणा नाही, आत सगळं जोरात चालू असतं. श्वास अगदी उथळ ठेवून, स्नायूंना ताण देऊन, एकाच बिंदूवर नजर लावून चाळीस सेकंद उभं राहण्याची तालीम रोज करा. चाळीस सेकंद वाचायला किरकोळ वाटतात. उभं राहून बघा.

समोरचा माणूस कसा दाखवायचा?

एकपात्री प्रयोगातला हा सगळ्यात कठीण आणि म्हणूनच सगळ्यात गमतीचा प्रश्न. आपल्या परंपरेत त्याचं एक उत्तर आधीपासून आहे. एकाहार्य अभिनयात एकच नर्तक वेश न बदलता खांद्याच्या कलाने, नजरेच्या उंचीने, पवित्र्याने सगळी पात्रं रंगवतो. ग्रुपमधली चार मुलं दाखवायला ही पद्धत उत्तम. प्रत्येकाला एक उभं राहण्याची ढब आणि एक लय द्या, संवाद नंतर.

पण सीमा ओलांडली जाते त्या प्रसंगात मी एकाहार्य वापरणार नाही. एकाच शरीराने ओढणारा आणि ओढला जाणारा दोन्ही करून दाखवले की कौतुक कसबाचं होतं आणि प्रसंग मागे पडतो. तिथे रिकामी जागा ठेवा. एक खुर्ची, किंवा नुसता प्रकाशाचा चौकोन, आणि त्याच्या जवळ जाताना कलाकाराच्या अंगात होणारे बदल. न दिसणाऱ्या माणसाच्या जागी प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनातलं कुणीतरी बसवतो. स्वतःचाच डावा हात ‘दुसऱ्याचा हात’ म्हणून वापरण्याचा मोह बहुतेकांना होतो. फार तर एकदाच वापरा, आणि तोही मनगटावर किंवा खांद्यावर.

अत्याचाराचं दृश्य नाचून दाखवू नका. नृत्य कशालाही देखणं करतं, आणि इथे देखणेपणा घातक आहे. आधीचा क्षण दाखवा, नंतरचा दाखवा, मधे प्रकाश जाऊ द्या.

समोरच्याला राक्षसही करू नका. खलनायकी हसणारा इसम पाहून प्रत्येक मुलाला वाटतं, मी काही असा नाही. ‘एवढं काय त्यात?’, ‘मस्करी पण कळत नाही का?’ ही वाक्यं चांगल्या घरची, लाघवी मुलंही बोलतात. आणि मुलगेही ओढले जातात, मुलीही ओढतात. म्हणूनच मध्यावर एक प्रसंग असा टाका ज्यात नायिकेने, किंवा नायकाने, स्वतःच दुसऱ्याची सीमा ओलांडलेली असते. आमच्याकडे ती मैत्रिणीचा ‘फक्त तुला’ म्हणून आलेला फोटो पुढे पाठवते, ग्रुपने तिला आत घ्यावं म्हणून. या प्रसंगानंतर प्रेक्षकांतली चुळबुळ बदलते, कारण आतापर्यंत सगळे तिच्या बाजूने सुरक्षित बसलेले असतात.

पंचेचाळीस मिनिटांचा आराखडा

पहिली पाच मिनिटं अर्धा ठोका उशिराचा नाच, भरपूर विनोदी ठेवा. किशोरांना आधी हसवलं नाही तर ते तुम्हाला पुढे रडूही देत नाहीत. चौदाव्या मिनिटापर्यंत ग्रुपची ओळख आणि चेंडू. त्यापुढे सात मिनिटं ‘नको’चे मुखवटे, तालबद्ध बोलीत, वेग वाढवत. एकविसाव्या मिनिटाला फोन: पूर्ण अंधार, चेहऱ्यावर फक्त पडद्याचा उजेड, आणि फोटो पुढे गेल्यावर रंगमंचभर एकामागून एक लागणारे तसेच छोटे दिवे. सव्विसाव्यापासून रिकाम्या खुर्चीचा प्रसंग, शेवटी गोठणं. चौतिसाव्याला तो ‘एक जण’. आम्ही ध्वनिमुद्रित आवाजात एवढंच ठेवलं होतं: ‘तुला निघायचंय का? मी पण निघतेय.’ उरलेल्या दहा मिनिटांत कलाकार पहिला नाच पुन्हा करते, पण स्वतःच्या लयीत. तिला विजयी वगैरे करू नका. दोनदा ‘नको’ म्हणायला तोंड उघडते, आवाज फुटत नाही. तिसऱ्यांदा फुटतो, जरा विचित्रच.

या सगळ्यात संमतीची चार-पाच अंगं येऊन गेली पाहिजेत: ती दबावाशिवाय दिलेली असते, कशाला देतोय ते माहीत असताना दिलेली असते, एका गोष्टीला दिलेली दुसरीला लागू होत नाही, आणि कधीही परत घेता येते. व्याख्या म्हणून मात्र हे एकदाही उच्चारू नका. बोललेला मजकूर सहा-सातशे शब्दांच्या वर गेला तर कात्री लावा.

ध्वनी, प्रकाश आणि वेशाचं थोडक्यात. सध्या गाजणारी गाणी टाळा, सहा महिन्यांत शिळी होतात आणि हक्कांचा प्रश्न असतोच. श्वास ऐकू यावा म्हणून एक मायक्रोफोन कलाकाराच्या अंगावर असू द्या. वेश रोजचा, खिसे असलेला. पाच-सहा दिव्यांत भागेल असं बसवलंत तर वर्गखोलीतही प्रयोग होतो.

तालमीतली शिस्त

संमतीवरचा प्रयोग आणि तालमीत दिग्दर्शक न विचारता कलाकाराचा खांदा धरून फिरवतोय, हे दृश्य मी पाहिलंय. स्पर्श करून दुरुस्ती करायची असेल तर दर वेळी विचारा. कलाकाराने वापरायचा एक थांबा-शब्द ठरवा. तो उच्चारला की कारण न विचारता तालीम थांबते. खुर्चीचा आणि गोठण्याचा भाग दिवसात दोनदाच पूर्ण ताकदीने, बाकी वेळा नुसत्या खुणांनी. त्यानंतर भूमिकेतून बाहेर यायची ठरलेली कृती हवी: अंग झटकणं, स्वतःचं नाव मोठ्याने घेणं, कपडे बदलणं, काहीही, पण रोज तेच.

प्रयोगाच्या दिवशी

पालकांना आणि मुलांना काय पाहायला मिळणार ते आधी कळवा. सुरुवातीला कलाकाराने स्वतः येऊन सांगावं: यात दबावाचा एक प्रसंग आहे, दार उघडं आहे, कुणालाही केव्हाही बाहेर जाता येईल, कारण कुणी विचारणार नाही. दाराशी समुपदेशक बसलेला असावा. सभागृह पूर्ण काळोखात बुडवू नका, फोनचा प्रसंग तेवढा अपवाद. प्रेक्षकांतून कुणालाही हात धरून रंगमंचावर ओढू नका, त्याने सगळं केलेलं पाण्यात जातं.

मुलं नको तिथे हसतील. गोठण्याच्या चाळीस सेकंदांत तर नक्कीच. ते बहुधा अस्वस्थतेचं हसू असतं आणि आपोआप विरतं. शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की ‘शू’ करायचं नाही. कलाकाराने हसू संपेपर्यंत थांबायचं, मग पुढचा श्वास.

नंतरची चर्चा

वीस-पंचवीस मिनिटं पुरे, मधे पाच मिनिटांची विश्रांती देऊन. ‘काय शिकलात?’ हा प्रश्न चर्चेचा जीव घेतो. ‘तिच्या अंगाने नको कधी म्हटलं, पहिल्यांदा?’ असं विचारा. हात वर होतात, वाद होतात, कुणी तिसऱ्या मिनिटाचं सांगतं, कुणी चेंडूचं. मग ‘ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलाला काय करता आलं असतं?’ ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक उठून प्रसंग बदलून दाखवतो. ते इथे करायचं तर फक्त त्या मित्राची भूमिका मुलांना द्या. जिच्यावर दबाव येतोय तिच्या जागी कुणालाही उभं करू नका, नाहीतर ‘मी असते तर कानाखाली लावली असती’ अशी वाक्यं येतात आणि मागच्या रांगेत बसलेली, जिला तेव्हा काहीच करता आलं नव्हतं, ती आणखी आक्रसते.

एखादं मूल नंतर एकट्याने येऊन काही सांगेल, हे धरूनच चला. शांतपणे ऐका, ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, चूक तुझी नाही’ एवढं म्हणा, खोदून विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. बऱ्याच ठिकाणी अशी माहिती योग्य यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. पुढे कुणाला सांगावं लागेल ते मुलाला सांगूनच पुढे जा. ही साखळी, म्हणजे समुपदेशक कोण, कळवायचं कुठे, हेल्पलाइनचा नंबर कोणता, पहिल्या प्रयोगाआधी कागदावर तयार हवी. ती नसेल तर प्रयोग पुढे ढकला.

जाहीर प्रयोगाआधी दोन-तीन चाचणी प्रयोग छोट्या गटांसमोर करा, आणि तुम्ही स्वतः रंगमंचाकडे पाठ करून मुलांचे चेहरे बघत बसा. कुठे चुळबुळ, कुठे फोन, कुठे शेजारणीकडे टाकलेला कटाक्ष, सगळं मिनिटासकट लिहा. शेवटी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या, नाव न घालता, हवं तर रिकामीच टाकायला. सगळ्यांनीच पेटीत टाकायची, म्हणजे कुणी लिहिलं हे कळत नाही. चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी वाचा. एखादीत कुणाला मदत हवी असल्याचं दिसलं तर ती लगेच समुपदेशकाच्या हातात द्या. बाकीच्या फाडून टाका. त्यांचे फोटो काढून पोस्टरवर लावायची कल्पना कुणीतरी मांडेलच, तिला नको म्हणा.